फोन तुमचा, दुरुस्ती कुणाची?



आमच्या सदाशिव पेठेत अभ्यासिका फार. बीड, लातूर, सोलापूर, धुळे अशा जिल्ह्यांतून आलेली मुले-मुली स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी येथे राहतात. दोघातिघांत एक खोली, महिन्याची खानावळ आणि अभ्यासिकेतले एक टेबल एवढ्यावर त्यांची वर्षे जातात. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा असा एक मुलगा गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी माझ्याकडे आला. हातात फोन आणि चेहरा उतरलेला. म्हणाला, "सर, रात्री अपडेट लावून झोपलो. सकाळपासून नुसते कंपनीचे चिन्ह येते, जाते, पुन्हा येते. पुढे काही सरकत नाही."

नुसता फोन बंद पडला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. सिमकार्ड दुसऱ्या फोनात घालता आले. परीक्षेचे प्रवेशपत्रही पुन्हा उतरवून घेता आले. पण दोन वर्षे ग्रंथालयातल्या पुस्तकांची आणि मित्रांच्या वह्यांची त्याने काढलेली शेकडो छायाचित्रे त्या फोनातच होती, आणि दुसरी प्रत कोठेही नव्हती. परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

सेवाकेंद्रात उत्तर मिळाले की, हमीची मुदत संपली आहे आणि मदरबोर्ड बदलावा लागेल. खर्च असा सांगितला की, त्यात थोडी भर घातली तर नवाच फोन यावा. मग आम्ही दोघे तपकीर गल्लीत गेलो. तेथल्या एका कारागिराने फोन केबलने संगणकाला जोडला, कंपनीची मूळ आज्ञावली त्यात नव्याने भरली, आणि तासाभरात फोन सुरू झाला, मात्र अगदी कोऱ्या पाटीसारखा. मदरबोर्ड ठणठणीत होता. बिघडली होती ती त्यावरची लिखावट. ती पुन्हा लिहिताना छायाचित्रे गेली ती गेलीच.

त्या संध्याकाळी जिन्यात या प्रकरणाची चर्चा झाली. शेजारचे एक निवृत्त काका म्हणाले, "चालत्या यंत्राला हात लावू नये, एवढे साधे कळत नाही?" महाविद्यालयात विद्यार्थ्यांना विचारले, तर त्यांचे मत उलटे. "सर, त्याने आधीची अपडेटे टाळली असतील. आले की लगेच करून टाकावे." दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर मात्र एकमत होते. चूक त्या मुलाची! मला हे पटत नाही. का पटत नाही, ते सांगावयाचे तर आधी अपडेट करताना फोनच्या पोटात काय घडते, ते पाहावयास हवे.

घट्ट आणि मऊ यांच्या मधले

यंत्राचे जे सुटे भाग हाताला लागतात ते हार्डवेअर, आणि त्यांना कामाला लावणाऱ्या आज्ञा म्हणजे सॉफ्टवेअर, हे तुम्हाला ठाऊक आहे. या दोहोंच्या मधल्या थरासाठी अ‍ॅशर ऑप्लर या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली 'फर्मवेअर' हा शब्द वापरला. यंत्राच्या अंगात मुरलेल्या, सहसा न बदलणाऱ्या आज्ञा असा त्याचा अर्थ. बटण दाबल्याबरोबर फोनने प्रथम काय करावे, स्मृती कशी तपासावी, पडदा कसा उजळावा, हे त्यात लिहिलेले असते. आज बोलताना फोनच्या संपूर्ण मूळ प्रणालीलाच लोक फर्मवेअर म्हणतात, आणि या लेखात मीही तसेच म्हणणार आहे.

हे लिखाण ज्या स्मृतीत असते तिला फ्लॅश स्मृती म्हणतात. तिच्यामागे एक सुंदर कल्पना आहे. १९६७ सालीच बेल प्रयोगशाळेत डावॉन कांग आणि सायमन झी यांनी असे दाखविले की, ट्रान्झिस्टरमध्ये चहूबाजूंनी विद्युत्‌रोधकाने वेढलेला एक धातूचा थर ठेवला आणि त्यात इलेक्ट्रॉन ढकलले, तर ते तेथेच अडकून राहतात. वीज काढून घेतली तरी ते पळत नाहीत. इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून शून्य आणि एक असे अंक साठविता येतात. पुढे १९८० नंतरच्या दशकात जपानमधील तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी या तत्त्वावर स्वस्त आणि दाट स्मृती तयार केली. तिचा मोठा भाग एका झटक्यात पुसता येतो. ते पुसणे कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे वाटले, म्हणून तिचे नाव 'फ्लॅश'.

पण यातच एक मेख आहे. या स्मृतीत एखादे अक्षर खोडून तेथेच दुसरे लिहिता येत नाही. आधी बराच मोठा तुकडा पुसावा लागतो आणि मगच त्यावर नवे लिहिता येते. वर्गातला फळा पुसावा तसेच हे आहे. जुना धडा पुसून झाला आहे, नवा अर्धाच लिहिला आहे आणि तेवढ्यात खडू संपला, तर विद्यार्थ्यांनी काय वाचावे? फोनचेही तसेच होते. जुन्या आज्ञा गेल्या, नव्या पुऱ्या आल्या नाहीत, अशा अवस्थेत तो अडकला, तर सुरुवात कशी करावी हेच त्याला कळत नाही. अशा फोनची वीट झाली, असे कारागीर म्हणतात. कधी लिखाण पुरते होते, पण त्यातली एखादी आज्ञाच चुकीची असते. मग फोन सुरू होतो, अडखळतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आमच्या त्या मुलाच्या फोनचे हेच झाले होते.

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांची दुरुस्ती मी लहानपणापासून पाहत आलो आहे. कुजलेली तुळई बदलावयाची असते आणि बिऱ्हाडे तर घरातच राहत असतात. सुतार काय करतो? आधी खालून भक्कम टेकू देतो, मग जुनी तुळई काढतो, नवी बसवितो, तिच्यावर भार नीट पडला की नाही ते पाहतो आणि मगच टेकू काढतो. फोनसाठीही असा टेकू तयार झालेला आहे. अँड्रॉइड प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे २०१६ साली, अशी सोय आली की फोनमध्ये प्रणालीसाठी दोन जागा ठेवावयाच्या. एका जागेवरून फोन चालू असताना नवी आवृत्ती दुसऱ्या जागेवर लिहावयाची. नवी सुरू झाली तर ठीक, नाही तर फोन आपोआप जुन्या जागेवर परततो. ही सोय असलेले फोन अपडेटामुळे सहसा दगावत नाहीत. मात्र दुसरी जागा ठेवावयाची म्हणजे काही स्मृती अडवून ठेवावी लागते, आणि अनेक स्वस्त फोनांत ही काटकसर करण्यात आली. टेकूचा खर्च वाचला खरा, पण तुळई पडली ती बिऱ्हाडकरूच्या डोक्यावर.

मग अपडेट करूच नये काय?

शेजारच्या काकांचे म्हणणे सोपे आहे, पण ते चूक आहे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधील कित्येक रुग्णालयांचे काम त्यात अडले. ज्या छिद्रातून ती शिरली, ते बुजविणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेले होते. ज्यांनी ते बसविले नव्हते, ते सापडले.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, २७ जून २०१७ रोजी, त्याहून विलक्षण घटना घडली. तिची झळ आपल्या महाराष्ट्राला लागली. रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तेथील एका कंटेनर टर्मिनलचे काम त्या दिवसांत ठप्प झाले. हे टर्मिनल चालविणाऱ्या मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहाचे संगणक 'नॉटपेट्या' नावाच्या आज्ञावलीने निकामी केले होते. आणि ही आज्ञावली पसरली कशी? युक्रेनमध्ये हिशेब आणि कर यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटामधून! हल्लेखोर त्या कंपनीच्या अपडेट पाठविणाऱ्या यंत्रणेतच शिरले होते. लोकांनी विश्वासाने अपडेट घेतले आणि त्याबरोबर विष आत आले. पुढे एका संगणकातून दुसऱ्यात पसरताना त्याने इतर युक्त्यांबरोबर तेच जुने, मार्चमध्ये बुजविता आले असते असे छिद्र वापरले.

ही घटना नीट ध्यानात घ्या. एकाच रोगात अपडेट घेणाराही सापडला आणि न घेणाराही. म्हणून 'कधीच करू नये' हे खरे नाही आणि 'डोळे मिटून करावे' हेही खरे नाही. खरा प्रश्न विश्वासाचा आहे. ज्याच्यावर विश्वास ठेवावयाचा, त्याने आपल्या बाजूने काय जबाबदारी घ्यावयाची, हे ठरलेले असावयास हवे. दुष्ट हेतू नसतानाही हा प्रश्न उभा राहतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठविलेल्या एका सदोष अपडेटाने सुमारे ८५ लाख संगणक एकाच दिवशी बंद पाडले. आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास देण्याची वेळ आली. त्यांतील पुष्कळ संगणकांजवळ माणसाला प्रत्यक्ष जाऊन ते दुरुस्त करावे लागले, कारण आपण होऊन मागे फिरण्याची वाट त्यांना नव्हती.

न सांगता केलेला उपकार

आता एक उदाहरण भौतिकशास्त्रातले घेऊ. बारावीच्या विद्यार्थ्यांनी वही पुढे ओढावी. बॅटरीचे विद्युत्‌गामक बल ३.७ व्होल्ट धरा. ती नवी असताना अंतर्गत रोध ०.१ ओहम आहे. फोनने क्षणभर २ अँपिअर धारा ओढली, तर आतल्या आत ०.२ व्होल्ट खर्च होऊन फोनला ३.५ व्होल्ट मिळतात. दोन-तीन वर्षांत रोध वाढून ०.४ ओहम झाला असे समजा. आता तेवढ्याच धारेला ०.८ व्होल्ट आत खर्च होतात आणि फोनला मिळतात २.९. त्याला किमान ३.२ लागत असतील, तर बॅटरी शिल्लक असतानाही फोन पटकन मिटतो. हे आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पण घडते ते असेच.

यावर उपाय काय? प्रक्रियकाचा वेग उतरवावयाचा, म्हणजे तो धारा कमी ओढील. २ ऐवजी १ अँपिअर ओढली, की आतला खर्च ०.४ व्होल्ट आणि फोनला ३.३ व्होल्ट. फोन मंद चालेल, पण मिटणार नाही. अ‍ॅपल कंपनीने २०१७ साली जुन्या आयफोनांच्या बाबतीत अपडेटाद्वारे नेमके हेच केले. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने उपाय अगदी रास्त होता. चूक कोठे झाली? वापरणाऱ्याला स्पष्ट सांगितले गेले नाही. लोकांना वाटले, फोन म्हातारा झाला, नवा घ्यावा. खरे तर बॅटरी बदलून भागले असते. लोकांनी वेग मोजून हा प्रकार उघडकीस आणल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने तो मान्य केला, क्षमा मागितली आणि बॅटरी बदलण्याचा आकार कमी केला. २०१८ साली इटलीतील स्पर्धा-नियामकाने जुने फोन मंदावणाऱ्या अपडेटांबद्दल अ‍ॅपल आणि सॅमसंग या दोघांनाही दंड केला. आपल्याकडेही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आलेल्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नव्या आवृत्तीनंतरच्या बिघाडांबाबत अ‍ॅपलकडे स्पष्टीकरण मागितले, हे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले.

माझे म्हणणे

माझे म्हणणे एवढेच की, विकलेल्या वस्तूत नंतर बदल करण्याचा अधिकार ज्याने स्वतःकडे ठेवला, त्याने परतीची वाटही ठेवली पाहिजे. पंखा, सायकल, सूक्ष्मदर्शक या वस्तू विकत घेतल्यावर त्या बनविणारा आपल्या घरात येऊन त्यांचे भाग बदलीत नाही. फोनचे तसे नाही. तो तुमच्या खिशात असला, तरी त्याच्या आज्ञा दुरून बदलता येतात. अधिकार दुसऱ्याचा आणि जोखीम मात्र तुमची, ही वाटणी न्यायाची नाही.

कंपन्यांकडे याला एक उत्तर आहे, आणि ते पोकळ नाही. जुनी आवृत्ती परत बसवू दिली, तर तिच्यातले बुजविलेले छिद्रही परत उघडते. चोर मुद्दाम जुनी आवृत्ती बसवून आत शिरेल. म्हणूनच कित्येक फोनांत मागे जाण्याची वाट बंद केलेली असते. काहींत तर चिपमधला एक सूक्ष्म दुवा कायमचा जाळून टाकतात, की पुन्हा मागे जाणे अशक्यच व्हावे. हा युक्तिवाद मला मान्य आहे, पण अर्धाच. सुरक्षेची दुरुस्ती आणि दिसण्या-चालण्यातले बदल एकाच गाठोड्यात का बांधता? कडी बदलावयाची म्हणून अख्ख्या घराचा रंग बदलण्याची गरज नसते. दोन्ही वेगळी द्यावीत. मोठ्या बदलातून काही दिवसांच्या मुदतीत, माणसाची माहिती न पुसता, मागे येता यावे. अपडेटाने फोन बंद पडला तर हमीची मुदत संपलेली असली, तरी दुरुस्ती कंपनीने फुकट करावी. आणि सुरक्षेची अपडेटे कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, हे औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात तसे खोक्यावर ठळक छापावे.

हे स्वप्नरंजन नाही. इंग्लंडमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा-अपडेटांची किमान मुदत जाहीर करणे कायद्याने सक्तीचे झाले. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनांसाठी नियम लागू केले आणि विक्री थांबल्यानंतर निदान पाच वर्षे अपडेटे मिळावीत अशी अट घातली. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. पाऊल पडले आहे, पण अजून लांब जावयाचे आहे.

जबाबदारी घेऊन केलेले अपडेट कसे असते, हे पाहावयाचे असेल तर आकाशाकडे पाहा. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते अर्थहीन संदेश पाठवू लागले. त्याच्या संगणकातील एक स्मृती-चिप बिघडली होती. यान सुमारे २४०० कोटी किलोमीटर दूर, संदेश पोचावयास साडेबावीस तास आणि उत्तर यावयास तेवढेच. शास्त्रज्ञांनी निकामी जागेतली आज्ञावली तुकडे करून स्मृतीत इतरत्र बसविण्याचे ठरविले. अनेक आठवडे जुनी कागदपत्रे चाळून प्रत्येक तुकडा तपासला, एकेक पाऊल टाकले आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा अर्थपूर्ण बोलू लागले. जवळजवळ ४७ वर्षांच्या जुन्या यंत्राला कुणी "आता नवे घ्या" म्हटले नाही!

तुम्ही काय करावे?

कायदा व्हावयाचा तेव्हा होईल. तोवर आपला टेकू आपण द्यावा. नाहीशी झाली तर रडू येईल अशा प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. फोनमधल्या फोनमध्ये केलेली प्रत ही प्रत नव्हे. प्रवेशपत्र कागदावर छापून घ्या. अपडेट करताना बॅटरी पुरेशी भरलेली असावी आणि स्मृतीत मोकळी जागा असावी. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात किंवा प्रवासात मोठे अपडेट करू नये. सुरक्षेचे अपडेट लांबवू नये, पण प्रणालीची संपूर्ण नवी आवृत्ती आली असेल, तर पंधरा दिवस थांबून इतरांचा अनुभव पाहण्यात कमीपणा नाही. अपडेट नेहमी फोनच्या 'सेटिंग्ज'मधूनच घ्यावे. कुणी निरोपातून पाठविलेल्या दुव्यावरून कधीही नाही. बिघाड झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जुन्या आयफोनांचे प्रकरण लोकांनी गाऱ्हाणी केली म्हणूनच उजेडात आले.

शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. अपडेटाआधी आणि नंतर फोन सुरू व्हावयास किती सेकंद लागतात, ठरावीक चलत्‌चित्र अर्धा तास चालविल्यास बॅटरी किती टक्के उतरते, हे प्रत्येकी पाच वेळा मोजून सरासरी काढावयास सांगा. खर्च काही नाही. 'फोन स्लो झाला' हे गाऱ्हाणे आहे. 'सुरू व्हावयास २८ सेकंद लागत, आता ४१ लागतात' हा पुरावा आहे. गाऱ्हाण्याचे पुराव्यात रूपांतर करणे, हेच तर आपण प्रयोगशाळेत शिकवितो.

आमच्या त्या मुलाने परीक्षा दिली. मित्रांच्या वह्या पुन्हा मागून आणल्या आणि आठ दिवसांत जेवढे वाचून झाले तेवढ्यावर दिली. त्या वर्षी त्याचे नाव यादीत आले नाही. ते अपडेटामुळेच, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. एका निरीक्षणावरून अनुमान काढू नये, हे मीच तुम्हाला सांगतो. पण पुन्हा तयारीला लागताना त्याने टेबलावर एक जाड वही ठेवली आहे आणि तो हाताने टिपणे काढतो. त्याचा यंत्रावरचा विश्वास उडाला, याचे मला वाईट वाटते. यंत्रावर विश्वास ठेवता यावा, अशी यंत्रे आणि असे नियम करणे हे काम आता तुमच्या पिढीकडे आहे. तुमच्यापैकी कुणी उद्या फोनची आज्ञावली लिहील. तेव्हा जुनी तुळई काढण्याआधी टेकू दिला आहे ना, एवढे मात्र पाहा.